तळघरात सापडलेले खटक्याचे चाकू आणि त्यांची किंमत

तुम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळ जुनं घर घेतलंत. तळघर आवरताना आधीच्या मालकाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात दोन खटक्याचे चाकू, म्हणजे बटण दाबताच पातं उघडणारे. एक लांबडा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, उघडला की 11 इंच भरणारा, पात्याच्या मुळाशी ‘इटली’ कोरलेला. दुसरा करंगळीपेक्षा थोडा मोठा, मधाच्या रंगाच्या मुठीचा, पात्यावर ‘श्रेड’ हे नाव. तुम्ही विचारलंय की यांचे किती येतील, ब्रासोने घासले तर जास्त येतील का, आणि दिवाळीत पुण्याला जाताना एक भावासाठी नेता येईल का.

मी मूळचा टूलरूममधला. भोसरीत डाय-फिटर होतो, मग पेनसिल्व्हेनियात आलो आणि जुन्या चाकूंच्या मोडक्या स्प्रिंगा बसवून देण्याचा नाद लागला. नादाचा धंदा झाला, धंद्यातून खरेदी-विक्री आली. त्यामुळे माझी नजर संग्राहकापेक्षा फिटरची आहे, हे धरून वाचा.

किमतीचं नंतर. आधी आज रात्रीच दोन्ही चाकू त्या डब्यातून काढा आणि एकमेकांपासून लांब ठेवा. मधाच्या रंगाची ती मूठ बहुतेक सेल्युलॉइडची असणार. पूर्वी पिंगपाँगचे चेंडू, कंगवे, सिनेमाची रिळं ज्याची असत तेच हे, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. वयोमानाने ते आतून कुजायला लागतं आणि नायट्रोजन ऑक्साइडचे वायू सोडतं. बंद डब्यात, तळघराच्या ओलीत, त्याचं आम्ल होतं आणि ते शेजारचं पोलाद खातं. मूठ नाकाशी नेऊन बघा. कापरासारखा उग्र वास येत असेल, कडेला केसासारख्या भेगा असतील, आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर असेल आणि पात्याचा नेमका मुठीत बसणारा भाग गंजलेला असेल, तर रोग सुरू झालाय. एका म्हाताऱ्या संग्राहकाच्या घरी मी मखमली अस्तराचा खण उघडला होता. तीसेक चाकू ओळीने मांडलेले. मधोमध एक सेल्युलॉइडचा, आणि त्याच्या भोवती गोलात गंज. जवळचे पार गेलेले, त्यापलीकडचे डागाळलेले, कोपऱ्यातले शाबूत. होळीच्या भोवतीचं गवत करपतं तसं.

कुजायला लागलेलं सेल्युलॉइड बरं होत नाही. हवेशीर जागी, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवायचं, वॉटर हीटरपासून लांब, कारण ते पेटायलाही टपलेलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं तर मुळीच नाही.

आता किंमत. सत्तर वर्षांचा आहे म्हणजे महाग असणार, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. असं नसतं. या चाकूंची किंमत वयाने फार थोडी ठरते. ती ठरवली कायद्याने, आणि अजूनही कायदाच हलवतोय. कसं ते सांगतो.

खटक्याचा चाकू अमेरिकेत कारखान्यात आणला तो जॉर्ज श्रेड नावाच्या कारागिराने. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूचं पेटंट त्याने 1892मध्ये घेतलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावात ते चाकू बनू लागले. 1904मध्ये भावांबरोबर त्याने श्रेड कटलरी कंपनी काढली. माणूस एका जागी टिकणारा नव्हता. मध्ये जर्मनीत झोलिंगन या चाकूंच्या गावी जाऊन आला, मग कनेटिकटमध्ये ब्रिजपोर्टला ‘फ्लायलॉक’ आणि पुढे ‘प्रेस्टो’ या नावांनी चाकू काढले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांना दिलेला एम-2 चाकू याच वंशातला. झाडात अडकलेल्या माणसाला एका हाताने दोर कापता यावा, एवढाच त्यामागचा विचार. त्याआधीच्या जाहिराती बघितल्या तर हे चाकू शेतकऱ्याला, शिकाऱ्याला, अगदी शिवणकाम करणाऱ्या बायकांनाही विकले जात होते. नख न तुटता उघडतो, हा विकण्याचा मुद्दा!

तुमच्या छोट्या चाकूसाठी यातलं एकच साल लक्षात ठेवा. पात्याच्या मुळाशी भिंग लावून बघा. ‘श्रेड कट कंपनी’ अशी अक्षरं असतील तर तो 1946च्या आधीचा. त्या वर्षी कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली आणि शिक्का ‘श्रेड-वॉल्डन’ झाला. हा शिक्का असेल तर 1946 ते 1958 या बारा वर्षांतला. पहिल्या शिक्क्याला जरा जास्त मान आहे, पण दोन्ही प्रकारचे चाकू आजही बऱ्यापैकी मिळतात.

मिळणारच. हे चाकू कधी दुर्मिळ नव्हते. 1958च्या सिनेट समितीच्या अहवालात म्हटलंय की दोन अमेरिकी कंपन्या मिळून वर्षाला दहा लाखांहून जास्त खटक्याचे चाकू बनवत होत्या. शिवाय इटलीहून येणारे वेगळे. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या कलोनियल कंपनीचे ‘शुअर-स्नॅप’ तर दाबून काढलेल्या पत्र्याच्या मुठीचे, औषधाच्या दुकानातसुद्धा पुठ्ठ्यावर लावून टांगलेले असायचे. पोरं खाऊच्या पैशात घ्यायची.

मग 1950च्या सुमारास महिलांच्या मासिकांत घाबरवणारे लेख आले, सिनेमात टोळीतल्या पोरांच्या हातात हेच चाकू दिसू लागले, खासदारांनी सुनावण्या घेतल्या. 12 ऑगस्ट 1958 रोजी केंद्रीय कायदा झाला. परदेशातून आणणं बंद, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं बंद. सूट सैन्याला, आणि गंमत म्हणजे एकच हात असलेल्या माणसाला, तेही 3 इंचांपर्यंतच्या पात्यासाठी. बऱ्याच राज्यांनी बाळगण्यावरही बंदी घातली. श्रेडने बनवणं थांबवलं. लाखांनी बनलेले चाकू घराघरांत होते, पण त्यांचं पुढे काय झालं? पोलिसांनी जप्त केले, आयांनी कचऱ्यात टाकले, स्प्रिंग मोडली तसे खणात पडून गंजले, उरलेल्यांची पोरांनी फरशीवर घासून पाती अर्धी केली. म्हणून आज दुर्मिळ आहे तो चाकू नाही, न वापरलेला चाकू. पात्याची पूर्ण रुंदी शाबूत, शिक्का धडधडीत वाचता येतो, स्प्रिंग मूळची, मुठीला तडा नाही. असा श्रेड आणि तोच श्रेड धार लावून झिजलेला, यांच्या किमतीत तिपटीचा फरक मी स्वतः घेतला-दिलाय.

तुमचा इटालियन हा जास्त रसाळ विषय आहे.

तो बहुतेक उत्तर इटलीतल्या मानियागो गावचा. फ्रिउली प्रांतात डोंगराच्या पायथ्याशी आहे. 1453मध्ये तिथल्या सरदाराने ओढ्याचं पाणी कालव्याने गावात आणलं, त्या पाण्यावर लोहारांचे घण चालू लागले आणि तेव्हापासून गाव चाकू-कात्र्यांवर जगतंय. इटलीत चाकू म्हटलं की मानियागो. महायुद्धात इटलीत उतरलेल्या अमेरिकी सैनिकांनी हे लांब, सडपातळ, मुठीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना कान असलेले स्टिलेटो खिशात घालून घरी आणले, आणि मग आयात सुरू झाली. पात्यावर कधी कधी ‘रोस्टफ्राय’ असा शब्द दिसेल. तो जर्मन आहे, अर्थ न गंजणारं. बनवणारा इटालियन, घेणारा अमेरिकन, शिक्का जर्मन, कारण जर्मन पोलादाचा दबदबा! आपल्याकडे ‘मेड अ‍ॅज जपान’ लिहिणारे होते, त्याच वळणाचं.

आता तुमचा चाकू हातात घ्या आणि एकच गोष्ट तपासा. उघडलेलं पातं बंद कसं होतं?

जुन्या चाकूत बटणाचं काम फक्त पातं सोडणं. बटणाखालची खिट्टी पात्याच्या मुळातल्या भोकात बसलेली असते. बटण दाबलं की ती उचलली जाते आणि मुठीच्या आत पात्यालगत वाकून बसलेला पाटा पात्याला बाहेर फेकतो. ट्रकच्या कमानीला जो पाटा असतो त्याचाच नातू, आगपेटीच्या काडीएवढ्या रुंदीचा. उघडलेलं पातं मग मुठीच्या पाठीला असलेल्या दुसऱ्या स्प्रिंगमध्ये अडकतं. ते सोडवायला त्या पाठीच्या स्प्रिंगचं टोक किंचित वर काढलेलं असतं, ते नखाने उचलायचं. याला संग्राहक पिकलॉक म्हणतात. 1950च्या दशकाच्या शेवटी शेवटी हे बदललं. मुठीच्या तोंडाशी धातूचं टोपण असतं, त्याला बोल्स्टर म्हणतात. ते कडेला कलवलं की पाठीची स्प्रिंग उचलली जाईल अशी रचना आली. आणि पुढे खर्च वाचवायला पाठीचं सगळं लफडंच काढून टाकलं: जी खिट्टी पातं बंद धरते तीच उघडंही धरते. आजचे मानियागोचे स्वस्त चाकू बहुतेक असे.

तर, तुमचा चाकू बंद करायला बटण पुन्हा दाबावं लागत असेल, तर तो नंतरचा. त्याचे 100 डॉलरच्या आत-बाहेर येतील. बोल्स्टर कलत असेल तर दुप्पट-तिप्पट म्हणा. आणि नखाने टोक उचलावं लागत असेल, शिंग तडकलेलं नसेल, पातं घासलेलं नसेल, तर 500 डॉलरच्या खाली कुणाला देऊ नका. हेच 13 इंची असतं तर माझ्या पाहण्यात हजाराच्या वर जातात. लांबी वाढली की किंमत तिच्या कितीतरी पुढे पळते, कारण लांब कमी बनले आणि जे बनले त्यांची टोकं खेळताना मोडली.

पण थांबा. इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलोय.

1958नंतर पूर्ण चाकू आणता येईना, तेव्हा सुटे भाग येऊ लागले. पातं, मूठ, स्प्रिंग, पिना, सगळं एका पिशवीत. घरी बसून जोडा. 1960च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं मासिकांच्या मागच्या पानांवर त्यांच्या जाहिराती असत. त्यामुळे बाजारात ‘जुने’ म्हणून फिरणारे बरेच इटालियन चाकू कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जुळवलेले आहेत. शिवाय दुसरा प्रकार, मोडक्या पिकलॉकची मूठ आणि भलत्याच चाकूचं पातं. मुंबईच्या चोर बाजारात नव्या लाकडी खोक्यावर पितळी भोंगा बसवून ‘आजोबांचा ग्रामोफोन’ म्हणून विकतात ना, अगदी तसं.

मी नवखा होतो तेव्हा ओहायोतल्याच एका प्रदर्शनात शिंगाच्या मुठीचा सुंदर पिकलॉक घेतला. विकणाऱ्याने त्याच्या सासऱ्याने नेपल्सहून आणल्याची गोष्ट सांगितली, गोष्ट चांगली होती, मी पैसे मोजले. घरी येऊन दिव्याखाली धरला. पाटा जिथे पात्याच्या मुळावर घासतो तिथे वर्षानुवर्षांच्या वापराने एक चमकती रेघ पडते. ती रेघ होती, पण पाट्याचं टोक तिच्यापासून दोन मिलिमीटर बाजूला बसत होतं. म्हणजे हे पातं आयुष्यभर दुसऱ्याच मुठीत उघडत-मिटत होतं. मग पिना बघितल्या. जुन्या कारखान्यात पिन ठोकून बोल्स्टरबरोबर कानसने एकजीव करत, ती शोधावी लागते. इथे दोन पिनांभोवती बारीक उजळ कडी होती. फिटर असून मला हे टेबलावर दिसलं नाही, कारण मी गोष्ट ऐकत होतो. तो चाकू अजून माझ्याकडे आहे. शिकाऊ पोरांना दाखवतो.

तुम्ही भिंग घेऊन याच दोन जागा बघा, रेघ आणि पिना. मूठ उघडायची गरज नाही. उघडूच नका.

आता पॉलिशबद्दल. आपल्या हाताला सवय असते. पितळ दिसलं की चिंच, तांबं दिसलं की लिंबू-मीठ, दिवाळीच्या आधी देवाची भांडी लख्ख. इथे ती सवय पैसे खाते. पात्यावरची करडी-निळसर झाक ही त्याचा जन्मदाखला आहे. कारखान्याने पातं एका दिशेने घासून झिलई दिलेली असते, त्या बारीक रेघा पात्याच्या मुळाकडे जशाच्या तशा दिसल्या की घेणाऱ्याला कळतं की याला कुणी हात लावलेला नाही. ब्रासोने त्या रेघा जातात, शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा गोल होतात. बफिंग व्हीलवर तर मिनिटभरात. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाचा श्रेड मी बिघडलेली स्प्रिंग बदलून देताना ‘जरा छान दिसू दे’ म्हणून बफवर धरला. ‘वॉल्डन’मधलं पहिलं अक्षर पुसट झालं. त्याने काही बोलायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. स्प्रिंगचे पैसे घेतले नाहीत, वरून भरपाई दिली.

तुम्ही करायचं ते एवढंच: मऊ सुती फडकं, दोन थेंब साधं खनिज तेल, सैल गंज असेल तो पुसून घ्यायचा. डाग राहिला तर राहू द्या. खोबरेल तेल नको, ते चिकट होतं आणि बटणाखाली मळ धरतं. चामड्याच्या म्यानातही ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेवर हिरवं आणतात. शिंग फार कोरडं पडलं असेल तर अगदी किंचित तेल बोटाने लावलं तर चालतं. तळघरातून एकदम हीटिंगच्या खोलीत आणून ठेवू नका, शिंग आक्रसतं आणि पिनेपाशी तडकतं. आधी आठवडाभर जिन्याखालच्या कपाटात राहू द्या.

आणि बटण दाबत बसू नका. मला माहीत आहे, पत्र लिहिण्याआधी तुम्ही वीस-पंचवीसदा दाबलंच असेल. मोह असतो. तो आवाज, खट्ट, हाच निम्म्या संग्राहकांचा या छंदात येण्याचा दरवाजा आहे. चांगल्या जुन्या पिकलॉकचा आवाज एकच असतो, कोरडा. जुळवलेल्याचा बहुधा दोन भागांत येतो, पातं आधी पोहोचतं आणि मग कुठेतरी काहीतरी बसतं. पण हा पाटा सत्तर वर्षं वाकून बसलाय. नुसता वाकून बसल्याने पोलाद लवकर थकत नाही. पाणी नीट दिलेलं असेल तर शंभर वर्षंही बसेल. ते थकतं वारंवार ताण-सैल झाल्याने, आणि तेही गंजाने जिथे टाचणीएवढा खड्डा पडलाय तिथून. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या पाट्यांत तडा जवळजवळ नेहमी अशा खड्ड्यातूनच गेलेला असतो. मूळ पाटा मोडून नवा बसवला तर चाकू चालतो, पण किंमत पाव हिस्सा तरी उतरते.

बाजार कुठे चाललाय हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विकायचं ठरवलंत तर लागेल.

2006मध्ये अ‍ॅरिझोनात नाइफ राइट्स नावाची संघटना उभी राहिली आणि त्यांनी एकेक राज्याचा कायदा बदलायला घेतला. न्यू हॅम्पशायरने 2010मध्ये बंदी उठवली, मग मिसूरी, टेक्सस, टेनेसी, मिशिगन अशी रांग लागली. तुमच्या ओहायोत 2021पासून विक्रीही खुली झाली. आमच्या पेनसिल्व्हेनियात पूर्वी ‘संग्रहातली वस्तू’ म्हणून ठेवायला सूट होती, बाकी बंदी. 2023च्या जानेवारीपासून राज्याच्या कायद्यातली ती बंदी गेली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024च्या ऑगस्टमध्ये तिथली बंदीच घटनाबाह्य ठरवली.

तेव्हा आमच्यातले जाणते म्हणत होते की आता भाव कोसळणार. बंदीमुळेच तर किंमत होती, बंदी गेली की संपलं. अर्धं खरं निघालं. ज्याला फक्त ‘बटणाचा चाकू’ हवा होता तो माणूस आता नवा घेतो: उत्तम पोलादाचा, बेअरिंगवर फिरणारा, हमीसह. त्यामुळे मधले चाकू, म्हणजे सुट्या भागांतून जोडलेले, थोडे झिजलेले, शिक्का पुसट असलेले, यांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्यात ज्या पिढीने 1950च्या दशकात खिशात हे बाळगले ती आता जातेय, आणि मुलं अख्खे संग्रह बाजारात ओततायत. मधल्या मालाचा भाव म्हणूनच पडलाय आणि तो परत चढेल असं मला वाटत नाही. वरच्या मालाचं उलट झालं. पूर्वी कायद्याच्या धास्तीने चार पैसे असलेले लोक या छंदात येत नव्हते. आता ते उघडपणे येतात, प्रदर्शनात टेबलावर वाकून भिंग लावतात, आणि त्यांना अव्वलच हवं असतं. नाण्यांच्या बाजारात जे चाळीस वर्षांपूर्वी झालं ते इथे आत्ता होतंय.

युरोपात वारा उलटा आहे. ब्रिटनमध्ये विक्री आणि आयात 1959पासून बंद होती, पण घरात ठेवलेला चालत असे. 14 जुलै 2021पासून घरात ठेवणंही गुन्हा झाला. त्याआधी काही महिने पोलिसांकडे जमा करून भरपाई घ्यायची मुदत होती.  जर्मनीनेही 2024च्या ऑक्टोबरपासून नियम फार कडक केले. या धोरणांवर माझं मत विचाराल तर इथे देणार नाही, पण धंद्यातला माणूस म्हणून एवढं दिसतं की तिकडचे चांगले झोलिंगनचे चाकू आता बाजारात येत नाहीत. एकतर वितळले, नाहीतर गप्प बसलेत.

विकायचं असेल तर ओहायोतल्याच एखाद्या चाकू-प्रदर्शनात समोरासमोर विका. केंद्राचा 1958चा कायदा अजून जिवंत आहे, राज्याबाहेर विकायला त्याची आडकाठी येते, आणि टपालाने पाठवण्यावर वेगळी बंदी आहे. दूर न्यू जर्सीतला कुणी फोटो बघून ‘लगेच पाठवा’ म्हणाला तर हो म्हणू नका. तिथला कायदा तुमच्यासारखा नाही. प्रदर्शनात पहिल्या टेबलावर किंमत विचारा, विकू नका. तिसऱ्या टेबलापर्यंत तुम्हाला स्वतःलाच अंदाज येईल.

राहिला भाऊ. त्याच्या डोक्यात बहुतेक रामपुरी असेल, हिंदी सिनेमातला. सांगा त्याला, रामपुरी हे वेगळं घराणं आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे कारागीर तो हाताने बनवतात, आणि जुना रामपुरी बहुधा हातानेच उघडायचा. दात्यांवरून पातं सरकताना करकर आवाज येतो, स्पेनच्या जुन्या नवाहा चाकूंसारखा. त्या आवाजातच निम्मी दहशत. बटणवाले नंतर आले. 1990च्या दशकात लांब पात्यांवर निर्बंध आले आणि धंदा बसला. आता रामपुरात चौकात 20 फुटी चाकूचं शिल्प उभं केलंय आणि खऱ्या चाकूच्या कारागिरांची दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. जुना, सही केलेला रामपुरी कुणाच्या घरात असेल तर जपा. त्याला आज अमेरिकी चाकूंसारखा ठरलेला भाव नाही, कारण कुणाचा कोणता आणि कोणत्या सालचा याची नोंदच कुणी ठेवली नाही.

तुमचा चाकू मात्र पुण्याला नेऊ नका. भारतात शस्त्र नियमांत परवान्यासाठी 9 इंच लांब किंवा 2 इंच रुंद पात्याची मर्यादा आहे आणि तुमचं पातं 5 इंचांच्या आसपास, म्हणून चालेल असा हिशेब कुणीतरी सांगेल. पण दिल्लीत बटणदार चाकूवर 1980च्या अधिसूचनेने वेगळे निर्बंध आहेत, तिथल्या कोर्टात असे खटले रोजचे आहेत. आणि कस्टमच्या टेबलावर उघडलेली बॅग, त्यात खट्ट करून उघडणारा स्टिलेटो, समोर अधिकारी, अशा वेळी नियमाचं पोटकलम सांगत बसायची कुणाला हौस आहे? भावाला फोटो पाठवा. तुमच्याकडे सांबरशिंगाच्या मुठीचा निघाला असता तर वन्यजीव कायदाही आडवा आला असता. या धंद्यातलं उत्तम सांबरशिंग एकेकाळी आपल्याकडूनच जायचं, इंग्लंडात शेफील्डला, जर्मनीत झोलिंगनला, इकडे अमेरिकेत; 1998मध्ये भारताने निर्यात बंद केली आणि तेव्हापासून जुन्या अस्सल सांबरशिंगाच्या मुठींना वेगळाच भाव आला.

शेवटचं काम कागदाचं आहे. ज्या म्हाताऱ्याचं घर घेतलंत त्याचे कुणी वारस असतील, तर घराच्या व्यवहारातल्या एजंटकडून नंबर घेऊन फोन करा. तो युद्धात होता का, इटलीत गेला होता का, चाकू कुठून आला, आणि त्याचा एखादा गणवेशातला फोटो आहे का, एवढं विचारा. गोष्टीवर पैसे मोजून मी एकदा तोंड पोळून घेतलंय, पण नाव, साल, तुकडी आणि फोटो असलेला कागद वेगळा. त्याने अकरा इंची पिकलॉकची किंमत खरंच हलते. आणि मुलगी म्हणाली की बाबांचा चाकू मला हवाय, तर देऊन टाका. फक्त मधाच्या रंगाचा तो दुसरा वेगळ्या पाकिटात द्या, आणि का ते तिला सांगा.